रेषेचा कित्ता

रेषा हा चित्रकलेचा मूलघटक आहे, असे चित्रकलेच्या वर्गात अगदी आरंभी सांगितले जाते. हे विधान इतके अंगवळणी पडले आहे की त्यातील अडचण सहसा ध्यानात येत नाही. निसर्गात रेषा नसते. घागरीची कड, डोंगराचा माथा, गालाचा उतार यांपैकी कोठेही रेषा आढळत नाही. आढळते ती एका रंगक्षेत्राची दुसऱ्याशी पडणारी गाठ. ही गाठ रेषेने दाखवावयाची, हा मानवी संकेत आहे आणि संकेत शिकवावा लागतो. म्हणून रेषेच्या अध्यापनाचा इतिहास केवळ एका कौशल्याच्या प्रसाराचा इतिहास राहत नाही. कोणाचा संकेत, कोणी, कोणास आणि कशासाठी शिकवला, हा प्रश्न त्यात अटळपणे येतो. मराठी समीक्षेलाही तो परका नसावा. ‘व्यक्तिरेखा’ हा तिचा नित्याचा शब्द, आणि व्यक्तिरेखा ‘ठसठशीत’ आहे की ‘पुसट’, हा तिचा नित्याचा निकष. कड जितकी स्पष्ट तितके पात्र जिवंत, ही समजूत रेखनवर्गातील समजुतीशी किती जुळते, हे पाहण्याजोगे आहे.

महाराष्ट्रातील मुलाच्या हाताला पहिली रेषा चित्रातून मिळत नव्हती, अक्षरातून मिळत होती. धूळपाटीवर काढून दिलेले अक्षर गिरवावयाचे, पुढे कित्ता समोर ठेवून त्याबरहुकूम लिहावयाचे, ही ती रीत. वळण हाताला लागावे, यासाठी आधी स्वतःचे वळण सोडावे लागे. ‘कित्ता गिरवणे’ या शब्दप्रयोगाला पुढे अनुकरणाचा अर्थ आला तो यामुळेच. मुंबईत आधुनिक कलाशिक्षण सुरू झाले तेव्हा त्याने ही रीत मोडली नाही. फक्त कित्ता बदलला.

हा नवा कित्ता लंडनमधील साउथ केन्सिंग्टनचा होता. हेन्री कोल यांच्या कारकिर्दीत रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी १८५३ च्या सुमारास २३ टप्प्यांचा एक अभ्यासक्रम आखला. त्याचा पहिला टप्पा पट्टी-कंपासाने काढावयाच्या भौमितिक रेषांचा, दुसरा छापील नमुन्यांवरून मुक्तहस्ताने काढावयाच्या बाह्यरेषांचा आणि तिसरा घन वस्तूंवरून काढावयाच्या बाह्यरेषांचा होता. छायांकन त्यानंतर येई आणि रंग त्याहूनही पुढे. या क्रमामागे कलाविचारापेक्षा उद्योगविचार प्रबळ होता. कारखान्यातील आराखडा चोख उतरावा, यासाठी हात वळणावर आणणे हे त्याचे प्रयोजन. जमशेटजी जिजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईची कलाशाळा उघडली, तेव्हा कारागिरांची रुची व कौशल्य सुधारणे हाच तिचा उद्देश सांगितला गेला. जॉन ग्रिफिथ्स व लॉकवुड किपलिंग हे तेथील आरंभीचे महत्त्वाचे शिक्षकही साउथ केन्सिंग्टनच्याच वातावरणातून, १८६५ मध्ये, आलेले होते.

त्याच १८५७ साली जॉन रस्किन यांचे रेखनाच्या प्राथमिक शिक्षणावरील पुस्तक इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. रस्किन यांना साउथ केन्सिंग्टनची पद्धत मान्य नव्हती. त्यांचा पहिला पाठ बाह्यरेषेचा नसून एक चौकोन बारीक रेघांनी एकसारखा भरून काढण्याचा आहे, कारण डोळ्याला दिसतात ते रंगांचे ठिगळ, रेषा नव्हेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथवर हा वाद अध्यापनशास्त्राचा वाटतो. परंतु १८५८ च्या जानेवारीत, उत्तर हिंदुस्थानातील उठाव पुरता शमला नसताना, याच रस्किन यांनी साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील व्याख्यानात भारतीय कलेवर नैतिक ठपका ठेवला. ही कला निसर्गातील वस्तू काढत नाही, फुलाऐवजी वेटोळे आणि नागमोडी काढते, असा तो आक्षेप होता. निसर्गापासून सुटलेली रेषा आणि क्रौर्य यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला. एका रेषेवरून एका समाजाचे शील ठरवले जाऊ शकते, हे या प्रसंगाने स्पष्ट केले. एतद्देशीय विद्यार्थ्याची रेषा ‘सुधारणे’ हे काम यापुढे निव्वळ तांत्रिक राहणे शक्य नव्हते.

मुंबईच्या शाळेत या सुधारणेला अनपेक्षित वळण मिळाले ते अजिंठ्यामुळे. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स यांनी अनेक हिवाळे विद्यार्थ्यांना तेथे नेऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले एक. छापील पानांवरच्या ग्रीक-रोमन अलंकरणावर हात बसवलेल्या या तरुणांसमोर आता एका दमात ओढलेली कुंचल्याची लांब रेषा होती. ती रेषा कड दाखवून थांबत नव्हती, तर खांद्याचा भार आणि बोटाची लवचीकता एकदमच सांगत होती. ग्रिफिथ्स यांना तिचे मोल कळत होते. तरीही येथील एका चित्राविषयी लिहिताना फ्लोरेन्सच्या चित्रकाराने रेखन आणि व्हेनिसच्या चित्रकाराने रंग अधिक चांगला साधला असता, अशी तुलना त्यांनी केलीच. भावदर्शनात मात्र दोघांनाही यापुढे जाता आले नसते, असा निर्वाळा दिला. भाव अजिंठ्याला आणि रेखन फ्लोरेन्सला, अशी ही वाटणी होती. प्रतिकृतींपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमधील आगीत नष्ट झाल्या.

पुढची पायरी १९१९ नंतरची. ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी प्रत्यक्ष मानवाकृतीवरून अभ्यास करण्यावर भर दिला आणि त्याबरोबरच भित्तिचित्रणाचा वर्ग उभा केला. जगन्नाथ अहिवासी यांच्या भारतीय पद्धतीच्या वर्गात लघुचित्रांची रेषा अभ्यासविषय झाली. बंगालमधील पुनरुज्जीवनवाद्यांशी मुंबईचा वाद असला तरी ‘भारतीय कला म्हणजे रेषाप्रधान कला’ हे सूत्र दोन्ही पक्षांना सोयीचे होते. स्टेला क्रॅमरिश यांनी १९२० च्या दशकात इंग्रजीत आणलेल्या ‘विष्णुधर्मोत्तरा’तील चित्रसूत्राने त्याला शास्त्राधार पुरवला. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, असे तेथे म्हटले आहे. मात्र त्याच ठिकाणी विचक्षण वर्तनेची म्हणजे छायाभेदाची, स्त्रिया अलंकरणाची आणि इतर जन वर्णसमृद्धीची वाखाणणी करतात, असेही म्हटले आहे. ते विधान रसिकांच्या भिन्न रुचींची नोंद करते. त्यातून एका राष्ट्राची प्रकृती काढणे हे वाचकांचे कर्तृत्व. शिवाय रेषेला पसंती देणारे तेथेही आचार्यच, म्हणजे शिकवणारेच आहेत, ही गोष्ट दुर्लक्षिली गेली. रेषा तपासता येते. म्हणून ती शिक्षकाला प्रिय असते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे कित्ता आणखी एकदा बदलला. पॉल क्ले यांच्या बाउहाउसमधील अध्यापनावर आधारलेले १९२५ चे छोटे पुस्तक रेषेची व्याख्या वस्तूवरून न करता गतीवरून करते. त्यात स्वच्छंद फिरणारी रेषा सक्रिय. आकृती वेढणारी रेषा मध्यम. आणि क्षेत्र भरले गेल्यामुळे जी केवळ कड म्हणून उरते ती निष्क्रिय. या वर्गीकरणाच्या उजेडात पाहिले तर मुंबईच्या वर्गाने आरंभीची कित्येक दशके रेषा शिकवली ती मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारची, हे लक्षात येते. शंकर पळशीकर आणि वासुदेव गायतोंडे या दोघांच्याही कामात लघुचित्रांची रेषा आणि क्ले यांची रेषा एकत्र नांदतात, आणि दोन्हींत कड गौण होऊन गती प्रधान होते. याच सुमारास बा. सी. मर्ढेकर संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांवर साहित्याचे सौंदर्य उभे करू पाहत होते, ही केवळ योगायोगाची गोष्ट मानता येणार नाही. घटकाला स्वतःचे असे मूल्य नसून इतर घटकांशी असलेल्या संबंधातून ते सिद्ध होते, हा विचार दोन्हीकडे समान आहे.

परंतु हा विचार शाळेतील रेखनवर्गापर्यंत क्वचितच पोहोचला. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांचा साचा बराच काळ वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती यांचाच राहिला. त्यात साउथ केन्सिंग्टनचा वारसा आजही ओळखू येतो. त्याच मुलांच्या घरी अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीतून रांगोळीची रेषा सुटत होती. ठिपके आधी, मग न थांबता ओढलेली, खोडरबर नसलेली रेषा. ती शिकली जाई ती पाहून आणि लक्षात ठेवून. वर्गाने तिला ‘अलंकरण’ म्हणून एका चौकटीत जागा दिली, पद्धती म्हणून मानली नाही. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहिणाऱ्या वारली स्त्रियांची रेषा तर १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलाशाळेत शिकलेल्या माणसाच्या प्रयत्नांनंतरच शहरातील दालनांत पोहोचली. जिव्या सोमा मशे यांच्या कागदावर ती आली तेव्हा तिने कोणत्याही वस्तूची कड दाखवली नाही. माणसांचा फेर आणि जाळ्यातील माशांची सळसळ दाखवली.

कित्ता गिरवणे यात गौण काही नाही. अजिंठ्याच्या भिंतीसमोर बसलेले विद्यार्थीही तेच करत होते, रांगोळी शिकणारी मुलगीही तेच करते. दोष आहे तो कित्त्यालाच निसर्ग समजण्यात. रेषा ‘मूलघटक’ म्हणून शिकवली की ती वस्तूतच होती आणि आपण ती फक्त उतरवून घेतली, असा समज दृढ होतो. ती निवड होती, हे शिकणाऱ्याला कळत नाही. ठसठशीत व्यक्तिरेखेची मागणी करणारी समीक्षाही याच भ्रमात असते. कादंबरीतील माणसाला कड नसते. कोठे रेषा ओढावी आणि कोठे ती तुटू द्यावी, हे लेखक ठरवतो. त्या निर्णयाची मीमांसा सोडून कडेच्या स्पष्टतेला गुण देणे म्हणजे रेडग्रेव्ह यांच्या दुसऱ्या टप्प्यावरच थांबणे होय.