लाकडाचा भाव आणि मापाची मालकी

डहाणू तालुक्यातल्या चिंचणीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात जुन्या घराची एखादी तुळई कुजली, की घरमालक सुताराला घेऊन आरागिरणीत जातो आणि माप सांगतो: दहा फूट लांब, दहा इंच रुंद, दहा इंच जाड. गिरणीवाला दहाला दहाने आणि पुन्हा दहाने गुणतो, १४४ने भागतो आणि सुमारे सात घनफूट लाकूड झाले असे सांगतो. घनफुटाच्या दराने गुणले की किंमत हाती येते. हिशेब इतका सरळ दिसतो की त्यात वादाला जागाच नाही असे वाटावे. पण एवढी चौकोनी तुळई निघण्यासाठी गोल ओंडक्याचा व्यास निदान १४.१४ इंच हवा, म्हणजे घेर जवळजवळ साडेचव्वेचाळीस इंच हवा. अशा दहा फुटी ओंडक्यात प्रत्यक्षात अकरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. व्यापारात तोच ओंडका साडेआठ घनफूट धरून विकला जातो. आणि गिऱ्हाईक पैसे देते ते सात घनफुटांचे. एकाच झाडाचे हे तीन आकडे आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. डहाणू-तलासरीच्या लाकडाचा इतिहास मला या तीन आकड्यांमधल्या अंतराचा इतिहास वाटतो. भाव म्हणजे दर, असे आपण समजतो; पण भावाचे दोन भाग असतात, दर आणि माप. दरावर घासाघीस सगळ्यांसमोर होते, माप मात्र एकाच्याच हातात राहते. या मुलखात जो नागवला गेला तो बहुतेक वेळा मापात नागवला गेला, हे मला इथे दाखवायचे आहे.

आधी मधला आकडा पाहू, कारण तोच सर्वांत कमी समजलेला आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. ही पाव घेराची रीत. एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीकाराने १७३६ साली छापलेल्या कोष्टकांमुळे ती रूढ झाली आणि अजूनही तिला हॉपसचेच नाव आहे. ही रीत खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच लाकूड मोजते. उरलेले साडेएकवीस टक्के साल, बाजूची फळकुटे आणि भुसा यांच्यापोटी घेणाऱ्याला सोडलेले असतात. योगायोग असा की १७३६ सालीच लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि सागवानी जहाजांच्या मोठ्या कालखंडाला सुरुवात झाली. जहाजाच्या सुताराला सरळ लाकूड लागे तसेच निसर्गतः वाकलेलेही लागे. सांगाड्याच्या वळणाला जुळणारा फाटा त्याच्यासाठी मोलाचा असे, मग घनफूट कितीही भरोत. म्हणजे ज्या लाकडाला घरबांधणीत कोणी विचारत नाही तेच गोदीत महाग. गिऱ्हाइकाच्या गरजेबरहुकूम कापलेल्या लाकडाची किंमत नुसत्या घनफळावर ठरत नाही, हे या किनाऱ्यावरच्या कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. गज आणि तसूची सुतारी मापे, मुंबईच्या लाकूडबाजारातली साडेबारा घनफुटांची खंडी आणि इंग्रजी घनफूट ही सारी एकाच वेळी चालत राहिली, आणि एका मापातून दुसऱ्यात जाताना दर वेळी कोष्टक ज्याला पाठ त्याचे पारडे जड राहिले.

मग रेल्वे आली. १८६४ साली मुंबई-सुरत मार्ग सुरू झाला आणि खाडीवाटे होड्यांनी जाणाऱ्या मालाला वाणगाव, डहाणू रोड यांसारख्या स्टेशनांची वाट मिळाली. रेल्वे लाकूड वाहून नेई आणि स्वतः लाकूड खाईही. रुळांखालचा रुंद मार्गाचा लाकडी स्लीपर नऊ फूट लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच जाड. असे चार स्लीपर म्हणजे बरोबर एक खंडी. ठरलेल्या मापाचा एवढा मोठा गिऱ्हाईक आल्यावर जंगलाकडे पाहण्याची सरकारची नजर बदलली. १८७८चा वनकायदा झाला, साग आणि शिसव यांवर सरकारी हक्क घट्ट झाला, आणि शेतकऱ्याच्या वरकस जमिनीवरच्या झाडांचा, राबासाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, तोडायच्या फांद्यांचा प्रश्न पेटला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ साली त्यांच्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ सालचा. या काळापासून लाकडाच्या किमतीत एक नवा घटक शिरला, तो म्हणजे कागद. झाड कोणाचे, तोडायला परवानगी कोणाची, वाहतुकीचा पास कोणी दिला, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का आहे का, यावर त्याच लाकडाचे मोल ठरू लागले. ज्याला कागद मिळवता येई त्याच्या हाती लाकूड माल होई. ज्याला मिळवता येत नसे, त्याच्या शेतातला साग त्याच्या दृष्टीने जवळजवळ फुकट होता, आणि ठेकेदाराला तो त्याच भावाने हवा होता.

या साखळीचे सर्वांत खालचे टोक म्हणजे वारली मजूर. डी. सिमिंग्टन यांनी मुंबई प्रांताच्या आदिवासी भागांवर १९३०च्या दशकाच्या अखेरीस दिलेल्या अहवालात वेठबिगार आणि कर्जापायी आलेली गुलामी यांची सरकारी नोंद आहे. १९४५च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची सभा झाली, आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठ नाकारली. त्या लढ्यातली गवतकापणीची मागणी नीट वाचली पाहिजे: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. या मागणीत अडीच रुपये जितके महत्त्वाचे आहेत तितकेच ५०० पौंडही आहेत. भारा म्हणजे किती हे मालकाने ठरवायचे असेल तर दर दुप्पट करूनही मजुराच्या हाती काही पडत नाही. भारा तेवढा मोठा होतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांनी दराबरोबर माप मागितले, म्हणजे आपली लूट नेमकी कुठे होते हे त्यांना पक्के कळले होते. १९४६च्या जंगलकामाच्या संपात हीच समज दिसते. तेव्हा मागणी होती सव्वा रुपया रोजाची, म्हणजे दिवस या मापाची, कारण दिवस कोणाला लांबवता येत नाही. लाकूड व्यापाऱ्यांच्या संघटनेला अखेर ती मान्य करावी लागली. मजुरी वाढली तर लाकूड महागेल आणि सामान्य माणसाला घर बांधणे जमणार नाही, असा आक्षेप अशा वेळी घेतला जातो. तो गांभीर्याने घेतला तरी टिकत नाही. झाड तोडणाऱ्याची मजुरी हा तुळईच्या किमतीचा एक तुकडा आहे. लाकडाचे तीन आकडे, वाहतूक, कागद आणि दोन-तीन हातांचा नफा हे बाकीचे तुकडे. त्यांतला सर्वांत दुबळ्याचा तेवढा तुकडा कापून स्वस्ताई आणायची, तर ती स्वस्ताई त्याच्या पोटातून काढलेली असते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७पासून, मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था उभ्या राहू लागल्या. ठेकेदाराऐवजी संस्थेने कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडावे आणि फायदा सभासदांत राहावा हा हेतू. तरी आदिवासी खातेदाराच्या स्वतःच्या जमिनीवरचे झाड व्यापाऱ्याने उभ्या उभ्या, अंदाजाने विकत घेणे थांबले नाही. उभे झाड अंदाजाने घेणे म्हणजे माप पूर्णपणे घेणाऱ्याच्या नजरेवर सोडणे. म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडविक्रीचे नियमन करणारा कायदा केला: अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मूल्यांकन वनअधिकाऱ्याकडून, तोड आणि विक्री खात्यामार्फत. कायद्याची नजर अचूक जागी होती. त्याने व्यापाऱ्याच्या हातातले माप काढून घेतले. यावर गंभीर आक्षेप असा की मालकाच्या झाडावर मालकालाच हक्क उरला नाही आणि कागद फिरण्यात काळ जातो. हा आक्षेप मला अर्धा पटतो. ज्याला मुलीच्या लग्नासाठी या महिन्यात पैसे हवेत, त्याच्यासाठी उशीर म्हणजे भावातली कपातच आहे, आणि अशा कपातीमुळेच माणूस पुन्हा चोरट्या गिऱ्हाइकाच्या दारी जातो. पण त्यावरचा उपाय माप परत व्यापाऱ्याकडे देणे हा नाही. मोजणी लवकर व्हावी आणि खातेदाराला ती समोर उभे राहून पाहता यावी, हा आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा. वनखात्याच्या आगारात लिलाव होतो, चार जण बोली लावतात, मग भाव आपोआप न्याय्य ठरतो. मापाचा एवढा बाऊ कशाला? लिलावाचा गुण मी नाकारत नाही. तिथे ओंडके लांबी, घेर आणि प्रत पाहून वेगवेगळ्या गंजींत लावलेले असतात, आणि जाड घेराच्या सागाला बारीक घेराच्या सागापेक्षा घनफुटाला जास्त दर मिळतो. हे योग्यच आहे. दहा इंची तुळई देणारे झाड दशकानुदशके उभे राहिलेले असते, बारीक वासा त्याच्या तुलनेत लवकर तयार होतो. पण बोली लागते ती मोजून झालेल्या गंजीवर. घेर दोरी सैल धरून घेतला की आवळून, सालीसकट की साल काढून, पोकळ गाभ्याची किती सूट दिली, हे सगळे लिलावाच्या आधी ठरलेले असते. बाजार दरातली चूक दुरुस्त करतो, मापातली चूक पुढच्या हातात सरकवतो. आज कांडल्याच्या बंदरातून येणाऱ्या परदेशी सागाच्या व्यवहारातही हाच घोळ आहे: एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, पण हॉपसच्या हिशेबाने २७.७ फूट. कोणते फूट, हे न विचारता दर विचारणारा गिऱ्हाईक फसतो.

शेवटी पुन्हा त्या लहान आरागिरणीकडे येऊ. २० जून १९९१च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात केंद्राच्या मंजुरीविना जंगलात चालणाऱ्या आरागिरण्या बंद करायला सांगितले, २००२मध्ये नव्या गिरण्यांवर कडक बंधन आले, आणि २०१६च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ते काम राज्यस्तरीय समित्यांकडे दिले. जंगल वाचवण्यासाठी हे आवश्यक होते असे माझे मत आहे. मात्र परवाना दुर्मिळ झाला की परवान्याचेही मोल लाकडाच्या भावात मिसळते. शिवाय यंत्राचे मोल आहे. पाव इंच जाडीच्या गोल करवतीने बारा इंची चौकोनातून एक इंची फळ्या काढल्या तर नऊच निघतात. अर्ध्या जाडीच्या पट्टा-करवतीने दहा. एक अख्खी फळी भुशात जाते की गिऱ्हाइकाच्या घरी, हे पात्यावर ठरते. जाड तुळईत भुसा कमी, पण मोठा आणि निर्दोष ओंडका लागतो. पातळ फळीत ओंडका लहान चालतो, पण भुसा जास्त. दोन्हींना घनफुटाचा एकच दर लावणारा गिरणीवाला एका गिऱ्हाइकाकडून दुसऱ्याचा खर्च वसूल करतो, बहुधा त्यालाही न कळता.

लहान गिरणीवाल्याला एवढा हिशेब मांडायला वेळ कुठे, आणि गिऱ्हाइकालाही एकच आकडा हवा असतो, असे कोणी म्हणेल. हिशेब चार ओळींचा आहे: ओंडका किती घेराचा आणि किती फुटांचा, त्यातून निघालेले लाकूड किती, चिरण्याची मजुरी किती, बाजूची फळकुटे कोणाची. या चार ओळी पावतीवर असल्या तर सात, साडेआठ आणि अकरा हे तिन्ही आकडे गिऱ्हाइकाला दिसतात, आणि मधले अंतर कशापोटी गेले हेही. प्रामाणिक गिरणीवाल्याचा यात तोटा नाही. मोठ्या तुळईला जास्त दर का, याचे उत्तर त्याला पावतीच देईल. झरीच्या सभेनंतर वारल्यांनी ५०० पौंड हा आकडा मालकाकडून वदवून घेतला, तेव्हा या मुलखात माप पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे झाले. चिंचणीच्या घरात चढणाऱ्या तुळईचे मापही तसेच दोघांचे असायला हवे.