फाळक्यांचे दोन आठवडे

बदलीचा हुकूम आला की आम्हां केंद्र सरकारच्या कारकुनांचा मुलूख तर बदलतोच, पण पुष्कळदा खातेही बदलते. काल निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहणारा मनुष्य आज मिठाच्या वा कातड्याच्या फायली चाळू लागतो आणि महिन्याभरात त्या धंद्याविषयी अधिकारवाणीने टिपणी लिहितो. त्या टिपणीची खरी किंमत आम्ही जाणतो! म्हणूनच धुंडिराज गोविंद फाळके यांनी अवघ्या दोन आठवड्यांत चलच्चित्रांचा धंदा शिकून घेतला, ही कथा आम्हांस नेहमीच थोडी निरखून पाहावीशी वाटते.

कथा खोटी नाही. १९१२ च्या फेब्रुवारीत विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून ते विलायतेस निघाले. लंडनमध्ये कोणाची ओळख नसता ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत शिरले. संपादक कॅबोर्न यांनी प्रथम त्यांस या फंदात न पडण्याचाच सल्ला दिला; पण निश्चय पाहून वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्याकडे त्यांस पोचते केले. हेपवर्थांनी आपल्या चित्रशाळेतील सर्व विभाग मोकळ्या मनाने दाखविले. विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आणि छिद्रे पाडण्याच्या यंत्राची व कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून फाळके एप्रिलच्या आरंभी स्वदेशी परतले.

पण या दोन आठवड्यांच्या मागे वीस-पंचवीस वर्षे उभी होती. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रणाचा व्यवसाय, रतलामला शिकलेली तिरंगी ठशांची विद्या, ‘प्रोफेसर केल्फा’ या उलट्या नावाने केलेले जादूचे प्रयोग, शिळाछाप, मुद्रण, त्यासाठी १९०९ साली केलेली जर्मनीची वारी. मध्यंतरी १९०३ पासून तीन वर्षे त्यांनी पुराणवस्तु खात्यात आमच्यासारखीच सरकारी चाकरीही केली. १९११ साली ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिल्यावर तर त्यांनी पाहणी व प्रयोग यांचा इतका ध्यास घेतला की काही काळ दृष्टीच गेली; उपचारांनी ती परत आली. असा मनुष्य लंडनला शिकावयास गेला म्हणण्यापेक्षा, आपले शिकलेले ताडून पाहावयास गेला, असे आम्हांस वाटते. कोणास काय विचारावे हे त्यास पक्के ठाऊक होते.

खरी उमेदवारी घरी, दादरला झाली आणि तीत सरस्वतीबाईंचा वाटा अर्धा तरी होता. कच्ची फिल्म बिनछिद्रांची येई. दर चित्रास दोन्ही कडांना चार चार भोके, तीही अंधारात पाडावयाची. अंतर किंचित चुकले की पडद्यावर चित्र थरथरे. हे काम बाईंनी हाती घेतले. फिल्म धुणेही त्या शिकल्या. भांडवलवाल्यांची खात्री पटविण्यासाठी कुंडीत वाटाणा पेरून, ठराविक अंतराने एकेक चित्र घेत, रोप वाढतानाचा छोटा चित्रपट तयार झाला. तो पाहून पैसा मिळाला, तरी बाईंचे दागिने गहाण पडावयाचे ते पडलेच. चरित्रकार लंडनविषयी पाने भरतात. या अंधाऱ्या खोलीविषयी फार थोडे लिहितात.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. तारामतीचे काम उपाहारगृहातील एका आचाऱ्याने केले होते, हे वाचकांस ठाऊकच आहे.

पुढे १९३१ साली बोलपट आला, तेव्हा फाळके साठ वर्षांचे होते. छायाचित्रकार, ठसेकार, जादूगार या पूर्वजन्मांपैकी एकही ध्वनीच्या कामी येणारा नव्हता. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशिकला वारले.