बेने इस्राएलांच्या कीर्तनाची कुळकथा

बोरघाटाच्या पायथ्याशी पसरलेला कर्जतचा आणि एके काळी त्याचाच पेटा असलेल्या खालापूरचा मुलूख हरिनाम सप्ताहांचा. शेतीची कामे आटोपली की तेथे गावोगाव विण्याचा पहारा सुरू होतो आणि बुवा गळ्यात हार घालून निरूपणाला उभे राहतात. याच मुलखाला लागून असलेल्या पनवेल आणि पेण या कसब्यांत अनुक्रमे १८४९ आणि १८६३ साली ज्यांची प्रार्थनालये उभी राहिली, त्या बेने इस्राएल समाजानेही पुढे हेच कीर्तन आपलेसे केले आणि त्यात अब्राहाम, योसेफ व मोशे यांची आख्याने लावली.

शतकानुशतके तेलाच्या घाण्यावर उपजीविका करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या कोकणी यहुद्यांनी सुंता, शब्बाथ आणि आहाराचे निर्बंध निष्ठेने पाळले. परंतु मूळ हिब्रू ग्रंथ त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वाचता येत. ही उणीव भरून काढण्यास अनेक हात लागले. कोचीनहून आलेल्या धर्मशिक्षकांनी उपासनेला वळण लावले; १८३२ साली जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध केले; आणि ज्यू धर्मीयांना ख्रिस्ती करावे या हेतूने उघडलेल्या शाळांतून शिकलेल्या बेने इस्राएल तरुणांनी ती विद्या स्वधर्माच्याच सेवेस लावली. डेव्हिड ससून शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक राहिलेले जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांचे मराठीत भाषांतर करण्यात आयुष्य वेचले, ते याच परंपरेतले.

भाषांतराने ग्रंथ घरात आला खरा, पण तो वाचून दाखवणे निराळे आणि सभेच्या अंतःकरणात उतरवणे निराळे. १८८० च्या सुमारास मुंबईत एका हिंदू कीर्तनाला गेलेल्या काही बेने इस्राएल तरुणांना या दुसऱ्या कामाचे साधन आयतेच सापडले. त्यांच्यात अग्रेसर होते बेंजामिन सॅमसन अष्टमकर, ज्यांच्या आडनावात रोह्याजवळच्या अष्टमी गावाची खूण आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आख्याने रचली, ती सभेपुढे गायिली आणि छापूनही प्रसिद्ध केली.

नारदीय कीर्तनाची चौकट त्यांनी उचलली, पण देवता उचलली नाही. वंदन एकाच निराकार ईश्वराला. मूर्तीला, नैवेद्याला स्थान नाही. मात्र साकी, दिंडी, आर्या, ओवी, अभंग हे सारे आपल्या ठिकाणी. योसेफाचे आख्यान घ्या. भावांनी त्याला विकले, हे बुवा साध्या गद्यात सांगणार. मिसर देशात तोच प्रधान होऊन धान्यासाठी आलेल्या भावांपुढे बसतो, तेथे साकी येणार. आणि ‘मी योसेफ’ हे शब्द तोंडून फुटण्याच्या क्षणी गद्य थांबून पद सुरू होणार. मध्येच निरूपणकार थांबून विचारणार, की अपराध्याला क्षमा करण्यापूर्वी त्याची परीक्षा घेणे योग्य काय? शास्त्रीबुवांची टीका जे काम पोथीच्या समासात करते, ते येथे टाळ-पेटीच्या साथीने चाले. आणि हिब्रू न जाणणारी आजीही त्या विवेचनाची अधिकारी श्रोती ठरे. हैम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यात या उपक्रमाची नोंद आहे.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलात गेला आणि कीर्तनही त्याच्याबरोबर गेले. जे कीर्तन हिब्रू ग्रंथ मराठीत उलगडण्यासाठी जन्मास आले, त्याच्या श्रोत्यांची नातवंडे आज हिब्रूच बोलतात. म्हणून तेथील कीर्तनकारावर मराठी पदाचा अर्थ हिब्रूत सांगण्याची पाळी येते, आणि भाष्याची दिशा उलटली तरी निरूपणाची गरज काही संपत नाही.