राबिया : चौथ्या लेकीचे नाव

१/ परभणी, पाथरी, जिंतूरकडच्या मुस्लिम घरांत ‘राबिया’ हे नाव परके नाही. अरबी भाषेत त्याचा अर्थ एवढाच : चौथी. त्यात गुण नाही, रूप नाही, केवळ क्रमांक. मग लेकीला ते आदराने का ठेवले जाते?

२/ उत्तर इराकमधील बसरा शहरात आहे. आठव्या शतकात तेथे राबिया ही सूफी संत होऊन गेली. फरीदुद्दीन अत्तारने लिहिलेल्या संतचरित्रानुसार ती गरीब घरातील चौथी मुलगी. पुढे गुलाम म्हणून विकली गेली. दिवसा मालकाची चाकरी, रात्री ईश्वराची आळवणी. नरकाचे भय नको, स्वर्गाचा लोभ नको, अशी निखळ भक्ती तिच्या नावाशी जोडली गेली.

३/ या नावाची थोरवी मराठवाड्यात दगडात उभी आहे. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिला मरणोत्तर किताब मिळाला ‘राबिया-उद-दौरानी’, म्हणजे ‘या युगाची राबिया’. बीबी का मकबरा हे तिचेच स्मारक. बादशहाच्या बेगमेचा गौरव करण्यासाठी उपमा निवडली गेली, ती एका दासीची!

४/ परभणीकरांना याचे नवल वाटू नये. गोदाकाठच्या गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. दळता-कांडता तिने अभंग रचले आणि महाराष्ट्राने तिला संतांच्या मांदियाळीत बसवले.

५/ शब्दकोशात ‘राबिया’ आजही क्रमांकच आहे. लेकीला हाक मारणाऱ्या घरात मात्र तो केव्हाच मान झाला आहे.