गर्भावस्था आणि स्त्रियांचा दीर्घकालीन रक्तदाब

गर्भावस्था व प्रसूती यांचा स्त्रीच्या रक्तदाबावरील परिणाम बाळंतपणाबरोबर संपतोच असे नाही; तो अनेक दशके टिकू शकतो. गर्भावस्थेच्या २० आठवड्यांनंतर प्रथमच १४०/९० मिलिमीटर पारा किंवा त्याहून अधिक रक्तदाब आढळल्यास त्यास गर्भावस्थाजन्य उच्च रक्तदाब म्हणतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागल्यास किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांवर परिणाम दिसल्यास त्या अवस्थेस प्री-एक्लॅम्प्सिया, आणि झटके आल्यास एक्लॅम्प्सिया ही संज्ञा आहे. पूर्वी हा विषबाधेचा प्रकार मानून त्यास 'टॉक्सिमिया' म्हणत. असे कोणतेही विष सापडले नाही, तरी शब्द मात्र बराच काळ टिकून राहिला.

गर्भावस्थेतील व प्रसूतीनंतरचे चढउतार

निरोगी गर्भवतीचा रक्तदाब पहिल्या महिन्यांत उतरतो, साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास नीचांकी असतो आणि प्रसूती जवळ येताना पूर्वपदावर येतो. यामुळे आधीपासून असलेला उच्च रक्तदाब मधल्या काळात झाकला जातो. पहिली नोंद लवकर होणे आवश्यक असते ते त्यासाठीच. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा वाढतो. गर्भावस्थाजन्य उच्च रक्तदाब बहुधा १२ आठवड्यांत ओसरतो. न ओसरल्यास तो कायमचा विकार समजून उपचार करावे लागतात.

दीर्घकालीन परिणाम

'बीपी बाळंतपणात वाढले होते, नंतर गेले' हे वाक्य अर्धेच खरे आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका इतर मातांच्या सुमारे ३.७ पट, तर हृदयविकाराचा सुमारे दुप्पट असतो. २०११ पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा पूर्वेतिहास हृदयविकाराच्या जोखीम घटकांत समाविष्ट केला आहे.

याचे कारण वादग्रस्त आहे. एका मतानुसार गर्भावस्था ही रक्तवाहिन्यांची कसोटी असून ती आधीच दडलेला दोष केवळ उघड करते. दुसऱ्या मतानुसार वारेशी संबंधित बिघाडाने रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा होते व ती मागे राहते. दोहोंत तथ्य असावे. याउलट, नॉर्वे व अमेरिकेतील दीर्घ पाहण्यांत गुंतागुंतीविना पहिली प्रसूती झालेल्या स्त्रियांचा रक्तदाब नंतर किंचित कमी आढळला. स्तनपानाचा संबंधही पुढील कमी रक्तदाबाशी दिसतो. अपत्यांच्या केवळ संख्येबाबत मात्र निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

खानदेशातील स्थिती

धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. सातपुड्यातील चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या पाड्यांपासून ही ठिकाणे दूर पडतात. साहजिकच पहिला भार प्राथमिक आरोग्य केंद्र व उपकेंद्रावर येतो.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा येथे दृढ आहे. तपासण्यांची सुरुवात सासरच्या केंद्रात, प्रसूती माहेरच्या रुग्णालयात आणि सव्वा महिन्यानंतर पुन्हा सासर, अशा प्रवासात रक्तदाबाच्या नोंदी विखुरतात. माता व बाल संरक्षण कार्ड हाच त्यांना जोडणारा दुवा. तेही पुष्कळदा बाळाच्या लसीकरणापुरतेच जपले जाते. चाळीसगाव, साक्री आदी भागांतून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत ही साखळी आणखी लवकर तुटते.

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवसांपर्यंत मोफत आहाराची तरतूद आहे. रक्तदाब वाढण्याचे दिवस नेमके त्यानंतर येतात. आशा कार्यकर्तीच्या ४२ दिवसांपर्यंतच्या घरभेटी मुख्यतः नवजातासाठी असतात. दर महिन्याच्या ९ तारखेचे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान (२०१६) गर्भवतींसाठी आहे, तर असंसर्गजन्य आजारांची सार्वत्रिक तपासणी तिशीनंतर सुरू होते. विशीत बाळंत झालेली स्त्री या दोहोंच्या मधल्या वर्षांत कोणत्याच यादीत नसते.

प्रतिबंध व पाठपुरावा

जोखीम अधिक असलेल्या गर्भवतीस वैद्यकीय सल्ल्याने अल्प मात्रेत ॲस्पिरिन, तसेच आहारात कॅल्शियम कमी असल्यास त्याच्या गोळ्या देतात. झटके रोखण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट वापरतात. प्री-एक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या स्त्रीने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घेणे इष्ट ठरते. वाळवणाचे पापड, लोणची यांतील मीठ बेताने घेणे हितावह असते. पुढील गर्भधारणेपूर्वी रक्तदाबाची चालू औषधे डॉक्टरांना दाखवावी लागतात, कारण त्यांपैकी काही गर्भास घातक आहेत.