दारापर्यंत गेलेले उद्योगशिक्षण : महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची वाटचाल

महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची स्थापना 1 ऑक्टोबर 1988 रोजी झाली. काम साऱ्या महाराष्ट्रात, पण मुख्यालय मुंबई-पुण्यात नाही. ते आहे छत्रपती संभाजीनगरात, रेल्वे स्टेशनजवळच्या एमआयडीसी वसाहतीत. ‘एमसीईडी’ या नावाने ओळखली जाणारी ही स्वायत्त संस्था साडेतीन दशकांहून अधिक काळ एकच गोष्ट सांगत आली आहे : हातात कसब असेल आणि हिशेब येत असेल, तर नोकरीच्या रांगेत उभे राहण्याखेरीजही रस्ता आहे. हे सांगण्यासाठी ही संस्था गावोगाव गेली, म्हणून तिची वाटचाल नोंदवून ठेवली पाहिजे.

या शहरात कारागिरी जुनी. हिमरू इथला, पैठणी शेजारच्या पैठणची. पण ही कसबे घरात, बापाकडून मुलाकडे जात. निजामी अमलात 1889 साली शहरात कापडगिरणी उभी राहिली, तरी उद्योगाचे शिक्षण सर्वांना खुले झाले ते हैदराबाद मुक्तिसंग्रामानंतरच. 1955 मध्ये शासकीय तंत्रनिकेतन, 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ, 1960 मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय अशी पावले पडली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे स्टेशन परिसर, चिकलठाणा, वाळूज अशा वसाहती वाढत गेल्या. तरीही 1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात तरुण रस्त्यावर उतरले. 1984 मध्ये दांडेकर समितीने विभागवार अनुशेष मांडला, त्यात रस्ते आणि सिंचनाबरोबर तंत्रशिक्षणाचाही हिशेब होता. पुढच्याच वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला.

मोठा कारखाना आला की त्याच्याभोवती लहान कारखान्यांची गरज निर्माण होते. कोणी प्रेस पार्ट करायचे, कोणी टर्निंगचे जॉबवर्क घ्यायचे, कोणी प्लेटिंग, कोणी पॅकिंग. पण कन्नड, वैजापूर, सिल्लोडहून एसटीने येणारा मुलगा कारखान्याच्या गेटवर बायोडाटा देऊन परत जाई. याच कारखान्याला आपण माल पुरवू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसे. शाळेत हा विषय नव्हता आणि घरात तसा अनुभव नव्हता. केंद्राचे काम या रिकाम्या जागेत सुरू झाले.

त्यामागे देशातला आधीचा अनुभव होता. उद्योजक जन्मावाच लागतो, हा समज खोडण्याचा पहिला मोठा प्रयोग 1964 च्या सुमारास आंध्रातल्या काकीनाड्यात झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तिथल्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन दाखवले की काही करून दाखवण्याची प्रेरणा वाढवता येते. 1970 पासून गुजरातने ही पद्धत नव्या उद्योजकांसाठी वापरली आणि 1983 मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली. महाराष्ट्राने तोच विचार मराठीत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेला.

कामाची पहिली पायरी म्हणजे उद्योजकता परिचय कार्यक्रम. स्थानिक वर्तमानपत्रात छोटीशी बातमी येते : एक दिवसाचा कार्यक्रम, प्रवेश विनामूल्य, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, जातीचा दाखला आणि दोन फोटो घेऊन यावे. कधी ग्रामपंचायतीचे सभागृह, कधी महाविद्यालयाचा वर्ग, कधी समाजमंदिर. केंद्राचे कार्यक्रम आयोजक आणि प्रकल्प अधिकारी बोलतात, जिल्हा उद्योग केंद्राचा किंवा बँकेचा माणूस योजना समजावतो, आणि त्याच भागात धंदा करणारा एखादा उद्योजक स्वतःचा अनुभव सांगतो. सभेचा नूर पालटतो तो या शेवटच्या माणसामुळे. आपल्याच तालुक्यातला, आपल्यासारखाच शिकलेला माणूस उभा राहिला की मागच्या बाकावरचे प्रश्न सुरू होतात : तारण लागते का? माल कोण घेईल? घरच्यांना कसे समजवायचे?

यातून निवडलेल्यांचे पुढे प्रशिक्षण होते. अशा वर्गांमध्ये देशभर वापरला जाणारा एक साधा खेळ आहे. खुंटीवर रिंग टाकायची, पण किती अंतरावरून टाकायची ते ज्याचे त्याने ठरवायचे. काही जण खुंटीला चिकटून उभे राहतात, काही भिंतीपाशी जाऊन नशीब अजमावतात. काही जण मात्र एकदा चुकले की अर्धे पाऊल पुढे येतात, जमले की अर्धे पाऊल मागे सरकतात. धोका मोजून घ्यायचा असतो, टाळायचा नसतो आणि त्यात उडीही घ्यायची नसते, हे फळ्यावर लिहून जितके कळत नाही तितके या खेळात कळते.

मग वहीपेन घेऊन बाजारपेठ पाहणी. डाळमिल काढायची असेल तर अडत्याकडे तुरीचा भाव विचारायचा, किराणा दुकानदाराला महिन्याचा खप विचारायचा, उधारी किती दिवसांची ते समजून घ्यायचे. त्या आकड्यांवर प्रकल्प अहवाल उभा राहतो : यंत्राला किती, शेडला किती, खेळते भांडवल किती, हप्ता सुटेल का. हा अहवाल झेरॉक्सच्या दुकानातून तयार घेतला की कर्ज प्रकरण बँकेच्या टेबलावरच अडकते. स्वतः मांडला असेल तर मॅनेजरच्या प्रश्नाला उत्तर देता येते. यंत्र चालवायला शिकवणाऱ्या संस्था आणखीही आहेत. हिशेब मांडायला शिकवणे ही या केंद्राची खास कमाई आहे.

सभेला येऊ न शकणाऱ्यांसाठी केंद्राने ‘उद्योजक’ हे मासिक चालवले. उद्योगसंधी, योजना, यशोगाथा हे सारे मराठीत. ज्या विषयाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत, तो विषय गावच्या वाचनालयात पोहोचवणे ही लहान गोष्ट नव्हे.

काळाबरोबर योजना बदलल्या. 1993 ची पंतप्रधान रोजगार योजना गेली, 2008 मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला, 2019 मध्ये राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला. या दोन्ही कार्यक्रमांत प्रकल्पाच्या खर्चाला मर्यादा असते आणि प्रवर्ग व ठिकाण पाहून 15 ते 35 टक्के अनुदान मिळते. उद्योजकता प्रशिक्षण हा या योजनांचा भाग आहे, आणि असे प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांत केंद्राचे नाव आहे. मात्र अनुदानाच्या मोहाने आलेला आणि धंद्याच्या ओढीने आलेला, यांत फरक असतो. तो फरक पहिल्याच सभेत स्पष्ट सांगितला पाहिजे.

केंद्राच्या शेजारीही मोठी शिदोरी आहे. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय, मोल्ड आणि सीएनसीचे शिक्षण मिळते. आयटीआय आहे, तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे, आणि डिप्लोमा झालेल्याला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. एवढी शिडी उभी असूनही ‘कुठेच नंबर लागला नाही म्हणून आयटीआय’ हे वाक्य अजून घराघरात ऐकू येते. आईबापांना ही शिडी कोणी पायरी-पायरीने दाखवलेली नाही, हे त्याचे कारण.

आता शेंद्रा-बिडकीनमध्ये ऑरिक ही औद्योगिक नगरी वसली आहे. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे 20 हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्याशी सामंजस्य करार केला. 1985 ला वाळूजमध्ये जी संधी आली तीच पुन्हा, आणखी मोठी होऊन येत आहे. या वेळी आपली मुले गेटवर बायोडाटा घेऊन उभी राहू नयेत, असे वाटत असेल तर प्रचाराचे वय खाली आणावे लागेल. पदवी घेऊन दोन वर्षे घरी बसलेल्या तरुणापर्यंत पोहोचणे आवश्यक आहेच. पण नववी-दहावीच्या वर्गापर्यंत आणि त्या मुलांच्या आयांपर्यंत पोहोचणे त्याहून निकडीचे आहे. आणि यश मोजायचे ते सभेला किती आले यावर नको. तीन वर्षांनी किती शटर रोज सकाळी उघडतात, यावर मोजावे.

मुख्याध्यापकांनी, सरपंचांनी, बचत गटांच्या ताईंनी आपल्या जिल्ह्यातल्या केंद्राच्या कार्यालयाला पत्र द्यावे आणि परिचय कार्यक्रम गावात मागून घ्यावा. दहावीचा निकाल लागण्याची वाट पाहू नये. सभागृह तुमचे द्या, मुले तुमची बसवा, आणि त्यांच्याबरोबर पालकांनाही बसवा.