गावठी कोंबडी : एक नाव, अनेक रूपे

'गावठी' हे कोंबडीच्या एका जातीचे नाव नव्हे. परसात, कुळागरात आपले अन्न स्वतः उकरून खाणाऱ्या साऱ्याच देशी कोंबड्यांना आपण ते सरसकट लावतो. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे असील, कडकनाथ, तेलिचेरी, तसेच गुजरात व नंदुरबार-धुळे पट्ट्यातील बुसरा अशा जातींची नोंद आहे. तरी खेडोपाडीच्या बहुसंख्य कोंबड्या बिननावाच्याच आहेत. एकाच आईमागे तांबडी, काळी, करडी, ठिपक्यांची पिल्ले फिरतात, कारण एका रंगासाठी त्यांची निवड कोणी केलेलीच नाही.

कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. मात्र पिवळ्या पायांचा वारसा वेगळा आहे. त्वचेला पिवळा रंग देणारे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. हा पक्षी भारतीय द्वीपकल्पाचा. मोलेच्या रानातही तो आढळतो. जगभरच्या पोल्ट्रीतील पिवळ्या पायांचे मूळ असे आपल्या शेजारी निघावे, हे नवलच.

उघड्या मानेची कोंबडी काहींना रोगट वाटते. ती तशी नसते. एका जनुकामुळे तिच्या मानेवर पिसे येत नाहीत, अंगावरही ती विरळ असतात, आणि त्यामुळे उकाड्यात शरीरातील उष्णता सहज बाहेर पडते. दमट किनारपट्टीवर हा गुण मोलाचा आहे. उलट्या, वळलेल्या पिसांची कोंबडीही याच कारणाने उष्मा अधिक सोसते. तुऱ्यांतही भेद आहेत : बहुतेकांचा करवतीसारखा दातेरी, तर असीलचा आखूड, डोक्याला चिकटलेला.

२०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या झाबुआच्या कडकनाथाची त्वचा, मांस आणि हाडेही काळसर असतात. त्याचे अंडे मात्र फिकट बदामी असते. 'काळे अंडे' दाखवून कोणी अधिक दाम मागत असेल, तर सावध राहावे. गडद तपकिरी कवच हीदेखील गावठीपणाची खूण नव्हे. पोल्ट्रीतील अनेक संकरित कोंबड्या तशीच अंडी घालतात.

गावठी कोंबडीचा सर्वांत महत्त्वाचा गुण पिसांत दिसत नाही. दहा-पंधरा अंडी घालून ती खुडूक बसते, एकवीस दिवस ती उबवते आणि पिल्लांना घारीपासून जपते. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारित कोंबड्या अंडी कितीतरी अधिक देतात; पण त्या सहसा खुडूक बसत नाहीत, त्यामुळे पिल्ले दरवेळी विकत आणावी लागतात. त्यांचा नर गावठी माद्यांत मोकळा सोडला, की काही पिढ्यांत हा उबवण्याचा गुण क्षीण होत जातो. दोन्ही पाळणाऱ्यांनी निदान नर तरी वेगळे ठेवावेत आणि चांगली खुडूक बसणारी मादी विकू नये.